मोरितांच्या हातातला पत्त्यांचा कॅट

मित्रांनो, मी एक जुना पत्त्यांचा कॅट आहे. आता माझी पानेही पुरती उरलेली नाहीत. माझा जन्म जपानमधला. मोरिता नावाच्या जादूगाराने मला विकत घेतले आणि मी त्यांचाच झालो.

मोरिता रंगमंचावर कधी उभे राहिले नाहीत. चहाच्या टेबलावर, समोरच्या माणसाच्या अगदी नाकाखाली ते जादू करत. उरलेल्या वेळात रहस्यकादंबऱ्या लिहीत. कथानक अडले की मला हळुवार पिसत बसत.

विदर्भातल्या दिग्रसजवळच्या बंजारा तांड्यातला भारत जपानमध्ये नोकरीला आला आणि त्यांच्या शेजारी राहू लागला. मोरितांनी त्याला तिकडची भाषा शिकवली. तो तापाने फणफणला तेव्हा त्याच्या उशाशी बसले. त्याच्या लग्नाला ते मला खिशात घालून तांड्यावर आले.

मांडवात त्यांनी भारतच्या आईची, लालीबाईची, अंगठी मुठीतून गायब केली आणि तिच्याच पदराच्या गाठीतून काढून दिली. तिला हसू आवरेना. त्या अंगठीएवढे कौतुक माझ्या वाट्याला कधीच आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी लालीबाईचा सोन्याचा हार सापडेना.

"याच्याच हाताचं काम हाय," भारतचे काका रूपसिंग म्हणाले. "काल अंगठी, आज हार."

मोरितांना शब्द कळले नाहीत. ते भारतकडे पाहत राहिले.

"तू तं याले ओळखतं," लालीबाई म्हणाली. "सांग ना, कसा माणूस हाय."

नवरीकडचे सगळे ऐकत होते. भारतने मान खाली घातली. "चोऱ्यायचीच पुस्तकं लिहिते हा. मले अजून काय मालूम?"

रूपसिंगांनी मोरितांचा उजवा हात दाराच्या फटीत धरला आणि दार जोरात ओढले. मग पुन्हा ओढले. मोरितांनी हाक मारली ती भारतलाच. तो मांडवाकडे निघून गेला. खिसे उलटेपालटे करताना मी अंगणात विखुरलो, आणि मोरितांना जीपमध्ये घालून यवतमाळला पाठवून दिले.

संध्याकाळी हार धान्याच्या कोठीत सापडला. लग्नाच्या धांदलीत लालीबाईनेच तो तिथे लपवला होता.

"आता कोनाले सांगू नोको," रूपसिंग म्हणाले. "पाव्हना तं गेला." आणि पंगती बसल्या.

माझी काही पाने पोरांनी सायकलच्या चाकात अडकवली, काही चुलीत गेली. उरलेला मी ओसरीच्या कोनाड्यात पडून होतो. दिवाळीला भारत घरी आला, तेव्हा मोरितांची बोटे आता वळत नाहीत, असे त्याच्याकडून कळले. जादू संपली, लिहिणेही संपले.

"भेटते का तुले?" लालीबाईने विचारले.

"रोज. नमस्कार करतो मी."

"हार सापडला म्हनून सांगतलं?"

"कायले, याडी?" भारत आईला म्हणाला आणि फराळाचे ताट पुढे ओढले.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. पत्ते बाजारात पुष्कळ मिळतात. पण तुमच्या एका शब्दावर कुणाचा हात वाचणार असेल, तेव्हा तेवढा शब्द बोला.