सहाव्या वर्षीची दाढ

बहात्तरच्या दुष्काळात मी जामखेडकडच्या एका वाडीत एकशिक्षकी शाळेवर होतो. प्रार्थना झाली की मुलांची नखं आणि दात तपासायचे, असा नियम होता. बहुतेक मास्तर नुसती नजर फिरवत. मी प्रत्येकाला उजेडाकडे तोंड करून आ करायला लावी. माझ्याकडे आरोग्यावरचं एक जुनं, पुठ्ठा निघालेलं पुस्तक होतं. त्यातलं दातांचं प्रकरण मला जवळजवळ पाठ होतं. माणसांशी बोलताना माझी जीभ अडखळे. पुस्तकापुढे तसं होत नसे.

मुलं बाभळीच्या काडीनं दात घासत. पण त्या वर्षी चूळ भरायला पाणी नव्हतं. विहीर आटलेली, आणि टँकरचं पाणी चूळ भरून थुंकून टाकायचं हे सगळ्यांच्याच जिवावर येई. दुष्काळी कामावर मिळालेली गोड सुकडी खाऊन मुलं शाळेत येत आणि ती दिवसभर दाढांत चिकटून राही.

चांगुणा दुसरीत होती, आठ वर्षांची. बाप श्रीगोंद्याकडे ऊसतोडीला गेलेला. आई लंकाबाई पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जाई आणि सहा वर्षांच्या धाकट्या साळूला सोबत नेई. संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी मला चांगुणाच्या खालच्या दाढेवर काळा ठिपका दिसला. मी दाढा मोजल्या. एक, दोन, आणि तिच्यामागे तिसरी. ठिपका तिसरीवर होता.

ही तिसरी सहाव्या वर्षी येते. तिच्या जागी आधी कुठलाच दात पडत नाही, ती मागच्या मागे गुपचूप उगवते, म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते. पण ती पक्की असते. ती गेली की तिच्या जागी दुसरी येत नाही. पुस्तकात हे सगळं आकृतीसकट होतं.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. लंकाबाईची चुलत सासू दगडाबाई ओट्यावर मिश्री लावत बसली होती. वाडीतल्या लेकरांची दुखणी तीच बघायची.

"गुरुजी आलं बाई," ती आत ओरडली. "पोरीनं काय क्येलं आता?"

"काही नाही. तिच्या दाढेला कीड लागली आहे. मागच्या."

दगडाबाईनं चांगुणाचं तोंड उघडून आत बोट फिरवलं. "ही व्हय? दुधाची हाय. आजून पोरीची एक तरी दाढ पडलीय का?"

"पुस्तकात असं आहे की..."

"आसंल. माज्या सात लेकरांचे दुधाचे दात ह्या हातानं घराच्या माळवदावर फेकल्यात, गुरुजी. तुमी किती फेकले?"

मला मूलबाळ नाही. तिला ते ठाऊक होतं, पण दुखवायला ती बोलली नव्हती. मी हसल्यासारखं केलं.

तेवढ्यात लंकाबाई बाहेर आली. हाताला खडीची धूळ तशीच होती. "गुरुजी, तुमी सांगा. दुधाची का पक्की? पक्की आसंल तर उंद्या कामावर खाडा करते आन् नगरला नेते."

ती थेट माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, मी कुठे डॉक्टर आहे? पुस्तक जुनं, मोजताना माझीच चूक झाली असली तर? ही बाई कामाचा दिवस बुडवून एवढ्या लांब जाईल आणि तिथे डॉक्टर हसतील. दगडाबाई तर माझ्याकडे बघून आधीच हसत होती.

"दुधाची असेल," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दगडाबाईनं दाढेतले किडे पाडायला काटेरिंगणीच्या बियांची धुरी दिली. तापलेल्या खुरप्यावर तेल आणि बिया टाकल्या, चांगुणाला तोंडात धूर घ्यायला लावला आणि खाली ठेवलेल्या परातीतल्या पाण्यात पांढरं काही तरंगलं, ते सगळ्यांना दाखवलं. "बगा, किडं." ते फुटलेल्या बियांचे कोंब होते. मला दिसत होतं. तेव्हाही मी गप्प राहिलो.

धुरीनंतर दाढ थोडे दिवस दुखली नाही. मग दुखू लागली की चांगुणा आजीची मिश्री चिमूटभर दाबून धरायची. चैत्रात तिचा गाल सुजला. तोंड उघडेना, अंगात ताप. लंकाबाई शाळेच्या दारात आली.

"गुरुजी, संगं चला. मला तितलं बोलता यायचं न्हाई."

एस.टी.नं आम्ही नगरला गेलो. दातांच्या डॉक्टरांनी बराच वेळ बघितलं. "पक्की दाढ आहे ही. थंडीत आणलं असतं तर चांदी भरून वाचली असती. आता सूज उतरवून काढावी लागेल."

"पर ती दुधाची हाय ना, सायेब?" लंकाबाई म्हणाली.

"दुधाची कुणी सांगितलं?"

मी हातातली पिशवी घट्ट धरून उभा होतो. लंकाबाईनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "वाडीतली जुनी मानसं म्हनली," ती म्हणाली.

आम्ही दवाखान्याच्या ओसरीवरच मुक्काम केला. तिसऱ्या दिवशी दाढ काढली. डॉक्टरांनी ती धुऊन कापसात गुंडाळून चांगुणाला दिली. दोन्ही मुळं लांब होती, पुस्तकातल्या आकृतीसारखी.

स्टँडवर गाडीची वाट बघताना चांगुणा आईच्या मांडीवर झोपली. मी म्हणालो, "लंकाबाई, मला माहीत होतं."

"काय?"

"ती पक्की आहे हे. त्या दिवशीच."

तिनं पोरीच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"मंग बोलला का न्हाई?"

"दगडाबाई इतक्या खात्रीनं सांगत होत्या..."

"म्हातारीला लिवता-वाचता येत न्हाई, गुरुजी. म्हनून तर मी तुमाला इचारलं हुतं."

गाडी लागली तशी तिनं चांगुणाला उठवलं.

घरी पोचलो तेव्हा ऊन कलतं होतं. दगडाबाईपाशी ठेवलेली साळू धावत आली. दगडाबाई ओट्यावरच मिश्री लावत होती. तिनं चांगुणाच्या मुठीतला कापूस उलगडून बघितला. "लई मोठी गं. जा, माळवदावर फेक, आन् उंदराला म्हन, माजी घे, तुजी दे."

चांगुणा अंगणात जाऊन उभी राहिली. गाल अजून जड होता, पण तिनं हात उचलला.

"चांगुणा, थांब," मी म्हणालो. "ही दाढ परत यायची नाही. ही पक्की होती."

"गुरुजी, लेकराचं मन तरी राखा," दगडाबाई म्हणाली.

"पक्की होती, दगडाबाई. मला माहीत होतं. तुम्ही चुकलात, आणि मी गप्प बसलो."

दगडाबाईनं तोंडातलं मिश्रीचं बोट काढलं आणि पदराला पुसलं. चांगुणानं आईकडे बघितलं.

"खरं हाय," लंकाबाई म्हणाली.

"मंग हिचं काय करू?" चांगुणानं मूठ माझ्यापुढे धरली.

तिनं थोडी वाट बघितली आणि दाढ परत कापसात गुंडाळून परकराच्या ओच्यात खोवली.

मी निघालो. चार पावलं गेलो असेन, तर लंकाबाईनं हाक मारली. तिनं साळूला पुढे ओढून तिचं तोंड मावळतीच्या उन्हाकडे केलं होतं.

"आता हिचं बगा. आन् जे आसंल ते सांगा."

साळूनं आ केला. मी मोजलं. एक, दोन. मग पुन्हा एकदा मोजलं. दुसरीच्या मागे हिरडी फुटून पांढरं टोक वर आलं होतं, अजून कीड न लागलेलं.

दगडाबाई उठून जवळ आली आणि वाकून बघू लागली.

"आली आहे," मी म्हणालो. "ही पक्की. हिच्या आधी काही पडत नाही आणि हिच्यानंतर दुसरी येत नाही."

"कुठली? नीट दाखवा," दगडाबाई म्हणाली.

मी बोट लावून दाखवली.