शेवटची सोळा पानं

मित्रांनो, मी वाचनालयातली एक जुनी कादंबरी आहे. माझ्या पाठीवरचं नाव बोटं लागून लागून पुसलं गेलं, आणि ते गेलं तेव्हा मला चक्क हायसं वाटलं होतं. त्या हायसं वाटण्याचीच ही गोष्ट आहे. म्हणून सांगताना मान वर होत नाही.

माझा जन्म छापखान्यात झाला. तिथे मोठ्या कागदावर एका वेळी सोळा पानं छापतात आणि त्याला घड्या घालतात. त्या सोळा पानांच्या गठ्ठ्याला म्हणतात फॉर्मा. असे फॉर्मे ओळीनं शिवले की पुस्तक होतं. माझे अठरा फॉर्मे होते.

माझ्या पोटात दोनशे वर्षांपूर्वीचा काळ आहे. घोडागाड्या, मेणबत्त्यांची झुंबरं, कोपरापर्यंत हातमोजे घालून नाचाला जाणाऱ्या मुली. त्या काळात जादू येणं हा उमरावांचा मान होता आणि बायकांचा गुन्हा. माझी नायिका हातमोजे शिवणारी गरीब मुलगी. तिच्या टाक्यांत जादू उतरते आणि बिचारी ती लपवत राहते. नायक एक तरुण उमराव. शापामुळे त्याचा उजवा हात बर्फासारखा गार पडलेला. तो हात एकदा धरलेला माणूस पुन्हा धरत नाही, म्हणून तो सदैव सहा बटणांच्या हातमोज्यात.

गोष्ट चांगली होती हो. पण मुखपृष्ठ! चित्रकारानं उमरावाच्या सदऱ्याची बटणं पोटापर्यंत उघडी टाकली होती, आणि नायिका त्याच्या हातांवर अशी कलंडवली होती की तिच्या कमरेत उसण भरावी. आत असला प्रसंग औषधालासुद्धा नाही.

त्या चित्रापायी मला सगळे लपवून नेत. कुणी मला कायद्याच्या पुस्तकाचं वेष्टण चढवी. कुणी चादरीच्या घडीत ठेवी. वाचताना त्यांचे डोळे भरून येत, हे मी जवळून पाहिलं आहे. पण कुणी विचारलं की, "छे! असलं कोण वाचतंय?" हे पुनःपुन्हा कानावर पडलं आणि हळूहळू मलाही वाटू लागलं, आपण लपवण्यासारख्याच आहोत.

पुढे माझी शिवण उसवली. वाचनालयाच्या काकांनी मला बाइंडरकडे दिलं. सोबत मधमाश्या पाळण्याचं एक पुस्तक होतं, तेही माझ्यासारखंच खिळखिळं. बाइंडरनं दोघांचे दोरे कापून फॉर्मे एकाच टेबलावर मांडले.

"काका, हे चित्र ठेवू की काढू?" त्यानं विचारलं.

"काढ बाबा. ते दिसलं की लोक आधी मागं वळून बघतात."

चित्र गेलं. करडा, सभ्य पुठ्ठा चढला. मी इतकी हरखले की शेवटी कोणता फॉर्मा शिवला जातोय इकडे लक्षच दिलं नाही. शेपटाकडे काहीतरी परकं टोचत होतं, हे जाणवलं होतं मला. पुस्तकाला तोंड नसतं, ही सबब माझ्याजवळ आहे. पण खरं सांगू? तोंड असतं तरी त्या दिवशी मी बोलले नसते. मी माझे नवे कपडे बघत होते.

तेव्हापासून माझ्यात असं झालं. शेवटच्या नाचात, भर दिवाणखान्यात, नायिका उमरावाचा हात हातात घेते. हातमोज्याचं पहिलं बटण काढते. पान दोनशे बहात्तर संपतं. आणि पुढच्या पानावर येतं, "हातमोजे घातल्याशिवाय पोळ्याला हात लावू नये. धूर हळूहळू सोडावा."

सहा वर्षं मी अशी घरोघर फिरले. चित्र गेलं तरी लपवालपवी गेली नाही: वकिलाकडच्या टायपिस्टबाई मला फायलीत घालून नेत, इस्त्रीवाले दादा कपड्यांच्या गठ्ठ्यात. एकानंही तक्रार केली नाही. कारण शेवट नाही म्हणायचं, तर शेवटापर्यंत वाचली हे कबूल करावं लागणार!

आणि मग एक दिवस मला मोठ्या बाई घेऊन गेल्या. मोठ्या बाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. असली पुस्तकं दप्तरात सापडली की त्या जप्त करायच्या, आणि प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर त्यावर बोलायच्याही. घरी त्यांची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली, डोळ्यांनी अधू. छातीत पाणी झालं होतं. "त्यांना खूश ठेवा," एवढंच डॉक्टर म्हणाले होते.

"तुझी ती सेनापतींची चरित्रं पुरे झाली," आई म्हणाल्या होत्या. "कुणीतरी कुणाच्या प्रेमात पडतंय असं आण."

शाळा सुटल्यावर बाई खोलीचं दार लावून मला वाचू लागल्या.

"नोटीस वाचल्यासारखी काय वाचतेस? उमराव आहे तो, शाळेचा शिपाई नाही!"

"आई, ऐकायचंय ना?"

"ऐकतेय. पण जरा प्रेमानं."

चौथ्या फॉर्म्यापासून बाईंचा आवाज आपोआप मऊ झाला. दहाव्यात नायिकेला पकडायला शिपाई येतात, तेव्हा बाई औषधाची वेळ विसरल्या. इतक्या मनापासून मला कुणी कधी वाचलं नव्हतं. आणि जसजसं शेवटचं पान जवळ येत होतं, तसतशी मी आतून आक्रसत होते.

पहिलं बटण निघालं. बाईंनी पान उलटलं आणि त्याच भरात पोळं नि धूर वाचून टाकला.

"पोळं कुठून आलं गं मधेच?" आई म्हणाल्या. मायलेकी इतक्या हसल्या की आईंना खोकल्याची उबळ आली. ती थांबल्यावर त्या म्हणाल्या, "पण त्याचा हात ऊबदार होतो का गं? उद्या विचारून ये वाचनालयात."

"मी? चारचौघांत?"

"माझं नाव सांग. मला कसली आलीये लाज? माझं काय लग्न ठरायचं राहिलंय?"

सोमवारी बाई गेल्या. काउंटरपाशी एका विद्यार्थिनीची आई उभी होती. बाई म्हणाल्या, "मुदत वाढवून द्या." बुधवारी नववीतल्या दोन मुली होत्या. शुक्रवारी तर फक्त काका होते. बाईंनी मला काउंटरवर ठेवलं, तोंड उघडलं, आणि मला पुन्हा उचलून पिशवीत टाकलं.

"विचारलंस?"

"गर्दी होती गं."

आईंनी चाचपत लेकीचा हात धरला. "लाज वाटते ना? वाटू दे. पण विचार लवकर."

शनिवारी दुपारी आई गेल्या. मी उशाजवळच्या खुर्चीवर होते. परकी सोळा पानं पोटात घेऊन, गप्प.

पंधरा दिवसांनी बाई मला परत करायला आल्या. मागे रांगेत टायपिस्टबाई, इस्त्रीवाले दादा आणि नववीतली एक मुलगी. काकांनी सवयीनं, पण आवाज खाली आणून विचारलं, "कशी वाटली?"

बाई प्रार्थनेनंतर बोलत त्या आवाजात म्हणाल्या, "हिला शेवट नाही. शेवटची सोळा पानं मधमाश्यांची आहेत. माझ्या आईला शेवट ऐकायचा होता. मी तीनदा आले आणि विचारलं नाही. मला लाज वाटली."

काकांनी मला उलटून शेवटचं पान उघडलं.

"मलाही नव्हता मिळाला," टायपिस्टबाई पुटपुटल्या. "चार वर्षं झाली."

"मला वाटलं, मुद्दाम अर्धवट सोडलीय," इस्त्रीवाले म्हणाले. "मोठे लेखक सोडतात म्हणे."

"अरे, मग एकानं तरी सांगायचं!" काका कळवळून म्हणाले.

तेवढ्यात कोपऱ्यातून बागेतले माळीबाबा पुढे आले. "मधमाश्या म्हणालात? मग हिच्यात तो बटणांचा उमराव असणार! तो मी नेहमी नेतो त्या मधमाश्यांच्या पुस्तकात आहे की, शेवटी! मला वाटलं, एवढं राणीमाशीचं वाचून माणूस दमतो, म्हणून विरंगुळ्याला गोष्ट टाकली असेल."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच थांबलं. बाई हसल्या नाहीत. "त्याचा हात ऊबदार होतो का हो?"

"नाही बाई. सहाही बटणं निघतात, तिची होती नव्हती ती जादू संपते, पण शाप काही सुटत नाही. मग ती म्हणते, गार तर गार. आणि तसाच धरून नाचते."

"एवढंच?"

"एवढंच."

आईंना एवढंच तर सांगायचं होतं. एका वाक्याचं काम.

बाइंडरनं माझे फॉर्मे बदलून दिले. आता मी पूर्ण आहे. टायपिस्टबाई मला उघड्या हातानं घेऊन जातात. लोक म्हणतात, शेवट छान आहे हं. ते ऐकलं की मला कपाटाच्या मागं दडावंसं वाटतं.

मित्रांनो, आमची पानं मुडपू नका, फाडू नका, हे तुम्हाला पुष्कळांनी सांगितलं असेल. माझं मागणं वेगळं आहे. आमच्यात काही चुकलेलं दिसलं, एखादं पान गळालेलं, उलटं लागलेलं, तर परत करताना ते मोठ्यानं सांगा. कोणतं पुस्तक वाचत होतात हे कळलं तर कळू दे. रांगेत तुमच्या मागं जो उभा असेल, त्याच्या घरी कुणीतरी शेवट ऐकायला थांबलेलं असू शकतं.