मुकादमाचं पथ्य

"झोपा काढल्यास ना रात्रभर? अरे, तुझ्या नाकासमोरून गेली असतील डुकरं!"

भोंगा मक्याच्या कडेला उभा राहून कुत्र्यावर ओरडत होता. डोंगराकडच्या अंगाच्या ओळी पार आडव्या झाल्या होत्या. रानडुकरांनी निम्मी कणसं खाल्ली होती आणि निम्मी नुसतीच तुडवली होती. दव भरपूर पडलं होतं. जमीन चिकणमातीची, पाय उचलला की मातीचा गोळा बुटाबरोबर वर यायचा. बांधावर बसलेल्या कुत्र्यानं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं, मग उठला, सावकाश धन्याजवळ आला आणि त्याच्या बुटावर पिवळं पाणी ओकला.

"बाबा, त्याचं पोट बिघडलंय," मागून पोरगा म्हणाला. "जुलाब लागलेत. रात्रभर कुंपणाजवळ बसून असतो. भुंकायला ताकद कुठली आणणार?"

भोंग्यानं बूट गवतावर पुसला आणि आधी कुत्र्याकडे, मग मक्याकडे पाहिलं. कणसं भरत आली होती. अजून काही दिवस राखण झाली तर पीक घरात, नाही तर डुकरांच्या पोटात. आणि राखणदाराचंच पोट चालत नव्हतं, म्हणजे जरा जास्तच चालत होतं.

कुत्र्याचं नाव मुकादम. शेतात कुणी काम करत असलं की तो बांधाबांधानं फिरायचा, आणि कुणी जरा टेकलं की त्याच्यासमोर येऊन बसायचा. माणूस उठेपर्यंत नजर हटवायचा नाही. त्यावरून नाव पडलं.

भोंगा हेही त्याचं खरं नाव नव्हतं, पण खरं नाव आता फक्त सरकारी कागदांना माहीत होतं. त्याचा आवाज तसा होता. कुणाची गाय सुटली, कुणाला ओढ्यापलीकडे निरोप द्यायचा असला, की लोक त्याला गाठायचे. तो दारात उभा राहून "पाणी सोडलंय रे!" म्हणाला की ओढ्यापलीकडचा माणूस खोरं घेऊन उठायचा. राग आला म्हणून तो मोठ्यानं बोलायचा असं नाही. मोठ्यानं बोलायला लागला की राग मागून यायचा.

सगळं घर एका जागी सापडायचं ते संध्याकाळी जेवायला. म्हणून दिवसभरात कुणाचं काय चुकलं ते तो तेवढ्या वेळेसाठी राखून ठेवायचा. विळा बाहेर राहून गंजला, पंपाचं झाकण हरवलं, सुनेनं कोंबड्यांना दाणे जास्त टाकले. ताटातली वाफ निवायच्या आत सगळ्यांची हजेरी होऊन जायची. पोरगा आणि सून खाली बघून भराभर जेवायची. बायको ओट्याजवळच काहीतरी करत असायची. ती मागाहून जेवायची. मुकादम स्वयंपाकघराच्या दारात आपल्या ताटलीत तोंड घालून असायचा. भोंग्याच्या मते घरात बोलणं-चालणं भरपूर होतं.

कुत्र्याच्या पोटावर गावानं आपापलं डोकं चालवलं. बांधाला बांध असलेला शेजारी म्हणाला, एक दिवस उपाशी ठेव. ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी कुत्रा ताजातवाना झाला, संध्याकाळी जेवला आणि रात्री पुन्हा तेच. शेजारी म्हणाला, मग दोन दिवस ठेव.

"आणि तिसऱ्या दिवशी पुरू?" भोंगा म्हणाला. ते ओढ्यापलीकडेही ऐकू गेलं.

बायकोनं ताटली उकळत्या पाण्यानं धुतली, पिण्याचं पाणी बदललं, हाडं बंद केली. फरक पडेना. मुकादमाच्या बरगड्या मोजता येतील इतक्या वर आल्या. तो आता बांधावर न जाता अंगणातल्या गाडीखाली पडून राहायचा, आणि कुणी टेकलं तरी बघायचा नाही. डुकरांनी आणखी दोन ओळी झोपवल्या. तेव्हा पोरानं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं.

बाई मोटारसायकलवरून आल्या. अंगानं बारीक, घाई अजिबात नाही. त्यांनी मुकादमाच्या हिरड्या पाहिल्या, पोट दाबलं, ताप मोजला. पोरानं डबीत धरून ठेवलेली विष्ठा आधीच तपासायला नेली होती. त्यात जंत नव्हते.

"विषबिष?" भोंग्यानं विचारलं.

"नाही. जेवतो कधी?"

"आमच्याबरोबर, संध्याकाळी. पोटभर."

"कुठं?"

"तिथं, दारात. एऽऽ! बाईंना हात धुवायला पाणी आण! किती वेळ झाला!"

शेवटचं पोरासाठी होतं. पोरगा तीन पावलांवर उभा होता. मुकादम शेपूट पायात घालून गाडीखाली सरकला, आणि त्याच्या पोटात मडक्यातून पाणी ओतल्यासारखा आवाज झाला. सगळ्यांनी ऐकला.

डॉक्टरीणबाईंनी कानात नळ्या घातल्या, गाडीखाली वाकून कुत्र्याच्या पोटाला यंत्र लावलं आणि म्हणाल्या, "काका, परत बोला."

"काय बोलू?"

"रोज जेवताना जे बोलता ते."

भोंगा गोंधळला. आयुष्यात त्याला बोलायला कधी कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं घसा साफ केला. "विळा कुणी बाहेर ठेवला?" तो म्हणाला. मग विळा खरोखरच आठवला आणि आवाज आपोआप चढला. "कुणाच्या बापानं आणून दिलाय? पावसात पडलाय, गंजलाय, कुणाला काही आहे का त्याचं?"

बाईंनी हात वर करून थांबवलं आणि कानातल्या नळ्या काढल्या.

"काय निघालं?" भोंग्यानं विचारलं.

"पोट नाजूक आहे त्याचं. एकदाच भरपूर खातो, ते पचत नाही. आता दिवसातून चार वेळा थोडं थोडं द्या. मऊ भात, उकडलेला भोपळा, चरबी काढून शिजवलेलं मांस अगदी जरासं. झोपायला कोरडी, उबदार जागा. संध्याकाळी सावकाश फिरवून आणायचं. ही पूड भातात मिसळा." त्या थोडं थांबल्या. "आणि तो जेवत असेल तेव्हा घरात मोठा आवाज नको."

"म्हणजे माझ्या बोलण्यानं कुत्र्याला जुलाब होतात?"

"नुसत्या बोलण्यानं नाही. पण नुसत्या पुडीनंही तो बरा होणार नाही. पूड पोटात जाते. पोट कुत्र्याचं आहे, आणि कुत्रा तुमच्या घरात राहतो."

सून एकदम पाठ फिरवून कोंबड्यांकडे गेली. तिचे खांदे हलत होते.  बायकोनं बाईंच्या हातावर पाणी घातलं, आणि घालतच राहिली, तांब्या रिकामा होईपर्यंत.

"खायला एकाच माणसानं घाला," बाई जाताना म्हणाल्या. "कोण घालेल?"

"मी घालतो," भोंगा म्हणाला. आवाजाचा आणि पोटाचा काही संबंध नसतो हे त्याला दाखवून द्यायचं होतं.

मग भोंगा भात शिजवायला शिकला. पहिला करपला, दुसऱ्याची खळ झाली. ती मुकादमानं आवडीनं खाल्ली. भोपळा सोलताना त्यानं बोट कापून घेतलं, पण त्या वेळी कुत्रा शेजारीच जेवत होता, म्हणून जे तोंडात आलं होतं ते त्यानं गिळलं. संध्याकाळी सगळी टेबलाशी बसली की तो सवयीनं तोंड उघडायचा. मुकादमाचा एक कान वर व्हायचा. घरातली सगळी माणसं कुत्र्याकडे बघायची. भोंगा तोंडात घास घालून ते बंद करायचा.

जेवण झाल्यावर बोलू म्हणून तो सगळं मनात धरून ठेवायचा. पण पोट भरेपर्यंत निम्मं विसरायचा, आणि उरलेलं बोलण्यासारखं राहायचं नाही. जेवताना घरात इतके आवाज असतात हे त्याला माहीत नव्हतं. चुलीतलं लाकूड तडकायचं. पत्र्यावरून दव ठिबकायचं. पोरगा आणि सून एकमेकांशी बोलायची, कसल्या कसल्या गोष्टी, आणि हसायचीसुद्धा.

एके दिवशी बायकोनं आपलं ताट आणून टेबलावर ठेवलं आणि त्याच्या शेजारी बसून जेवली. भोंग्याला ते जरा नवीन वाटलं. काम लवकर आटपलं असेल, असं त्यानं मनात म्हटलं.

गावात वेगळीच बातमी उठली. शेजारी मुद्दाम चौकशीला आला, दारातच टोपी काढून उभा राहिला. "घशाचं काही निघालं का रे?" त्यानं हळूच विचारलं. "लोक म्हणतात, दाखवायला उशीर झाला."

"कुत्रा जेवतोय," भोंगा पुटपुटला. "नंतर ये."

शेजाऱ्यानं बाहेर जाऊन सांगितलं की डोक्यावरही परिणाम झालाय.

मुकादमाच्या बरगड्या हळूहळू झाकल्या गेल्या. शेपूट वर आलं. तो पुन्हा बांधांवरून फिरायला लागला, आणि कणसं खुडताना सून जरा टेकली तर तिच्यासमोर जाऊन बसला. सुनेनं त्याला मिठीच मारली. मग एका संध्याकाळी, धुकं ओढ्यावरून वर सरकत असताना, मक्यात सळसळ झाली. मुकादम बाणासारखा सुटला. भोंगा काठी घेऊन मागून धावला आणि इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं त्यानं त्या डुकरांच्या अंगावर सोडलं. विळा, झाकण, करपलेला भात, कापलेलं बोट, सगळं. कुत्रा त्याच्या पायाशी उभा राहून छाती फुगवून भुंकत होता, जरासुद्धा भेदरला नव्हता. डुकरं डोंगर चढून पलीकडे उतरेपर्यंत थांबली नाहीत. गावात लोक म्हणाले, चला, वाचला बिचारा.

पीक घरात आलं. मुकादम रोज दारात बसून शांतपणे खात होता, खाल्लेलं पोटात राहत होतं. डॉक्टरीणबाई येऊन पाहून गेल्या आणि म्हणाल्या, पूड बंद केली तरी चालेल.

पूड बंद झाली म्हणजे पथ्य संपलं, असा अर्थ भोंग्यानं काढला. त्याच संध्याकाळी तो टेबलाशी बसला, पहिला घास गिळला आणि म्हणाला, "मक्याच्या कोठीचं दार कुणी उघडं टाकलं? उंदरांना जेवायला बोलावलंय का? डोळे आहेत का बटणं?"

म्हणताना त्याचं लक्ष दाराकडे होतं. मुकादमानं एक कान हलवला आणि खातच राहिला. त्याच्या पोटातून कसलाही आवाज आला नाही. भोंग्याला बरं वाटलं. त्यानं आवाज आणखी एक पायरी चढवला. पोरानं मान खाली घातली. सुनेचा हात भराभर चालू लागला.

बायको उठली. तिनं आपलं ताट उचललं, ओट्याजवळ नेलं आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. ती जेवत नव्हती.

"अगं, काय झालं? बस की. तो खातोय बघ, त्याला काही होत नाही आता."

"त्याला नाही होत," ती म्हणाली.

"मग?"

"मला होतं."

"काय होतं?"

"मुकादमाला व्हायचं तेच."

पोरानं हातातला घास ताटात ठेवला.

"कधीपासून?" भोंग्यानं विचारलं.

"लग्न झाल्यापासून."

ती हे अगदी साध्या आवाजात बोलली, मीठ संपलंय म्हणून सांगावं तशी.  इतक्या वर्षांत ती मागाहून का जेवते, हे भोंग्यानं कधी विचारलं नव्हतं. बायका जेवतात मागाहून, एवढंच त्याला माहीत होतं. त्यानं तिच्या पाठीकडे पाहिलं. कपड्यांखालून खांद्याची हाडं दिसत होती. कुत्र्याच्या बरगड्या त्याला बांधावरून दिसल्या होत्या, ही मात्र इतक्या जवळून दिसली नव्हती.

"तू बोलली का नाहीस?" तो म्हणाला.

ती वळली. "केव्हा? जेवताना?"

 मुकादमानं ताटली चाटून स्वच्छ केली आणि आळस देऊन अंगणात गेला. आता घरात गप्प बसायला कारण उरलं नव्हतं. भोंगा टेबलाच्या फळीकडे बघत राहिला. मग त्यानं मान वर केली.

"इथं बस," तो म्हणाला.

ती तशीच उभी राहिली. तिनं ऐकलंच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा भोंग्याला एक गोष्ट दुसऱ्यांदा सांगावी लागली, कारण पहिल्या वेळी ती कुणापर्यंत पोचलीच नाही.

"इथं येऊन बस, म्हटलं," तो म्हणाला, जेमतेम ऐकू जाईल इतक्याच आवाजात.

ती ताट घेऊन आली.

"सरका जरा," ती म्हणाली.