लखनच्या गाडीचा इंटरकूलर

बॅगेची चेन ओढल्याचा आवाज झाला आणि प्रज्ञाचा लाटण्यावरचा हात थांबला.

दुपारची वेळ होती. लाईट गेलेली, पंखा बंद, त्यांची तीन वर्षांची मितू झोळीत नुकतीच झोपलेली. एवढ्या गप्प घरात तो आवाज कपडा फाटल्यासारखा वाटला. प्रज्ञा तशीच पिठाच्या हातांनी आतल्या खोलीच्या दारात आली. जीवन कॉटवर बसून निळ्या बॅगेत घड्या घातलेले शर्ट दाबत होता.

"हे काय?"

"सुरत. बोललो होतो ना तुला. ट्रेलरवर जागा आहे. उद्या रात्रीच्या गाडीनं निघतो."

"बोलला होतात. ठरवलं कधी?"

जीवननं मान वळवली. खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर आवारात त्याची क्रेन उभी होती.

जळगावहून धुळ्याला जाताना पाळधी मागं टाकली की हायवेला लागून पत्र्याचं कुंपण लागतं, तेच त्यांचं आवार आणि आवाराच्या कोपऱ्यात त्यांचं दोन खोल्यांचं घर. हायवेवर कुठं गाडी पलटली, कुठं खड्ड्यात गेली, की जीवनला फोन यायचा आणि तो क्रेन घेऊन ती ओढून आणायला, टोचन करायला, निघायचा. पावसाळ्याआधी पारोळ्याच्या अलीकडे लखन नावाच्या ट्रकवाल्याची ट्रक पलटली. ती ओढून काढताना क्रेनचा इंटरकूलर फाट्‌कन उकलला. टर्बोतून तापून आलेली हवा थंड करून इंजिनात सोडणारी ती ॲल्युमिनियमची जाळी. ती गेली तशी क्रेनची ताकदच गेली. नुसता काळा धूर सोडायची, चढावर रिकामी चढतानाही धापा टाकायची. दोनदा वेल्डिंग केलं, दोनदा उकललं. जुन्या मॉडेलचा नवा मिळेना. धुळ्याच्या भंगारबाजारात जे मिळाले ते सगळे चिरलेले.

आणि जीवन बसून होता. बसलेला जीवन तिच्या ओळखीचा नव्हता. रात्री उठून आवारात फेऱ्या मारायचा, मितू रडली की दचकायचा. आता बॅग.

सुरतला गेलेली माणसं सणालाच येतात. तिचा भाऊ तसाच गेला होता आणि त्याचा पोरगा त्याला मामा म्हणायला लागला होता. लुगड्याच्या पदराला गच्च गाठ मारावी तसं तिनं ओढणीचं टोक मुठीत धरलं.

"एक आहे ना समोरच उभा," ती म्हणाली.

"कुठला?"

"लखनच्या ट्रकचा. तेव्हापासून आवारातच पडलीय ना ती. रतिलालभाऊ मिस्तरी म्हणत होते, थोडं जुळवून घेतलं तर बसेल."

"प्रज्ञा." त्यानं फक्त नाव घेतलं.

पुढचं तिला पाठ होतं. टोचन करणाऱ्यांच्या आवारात गाडी आली की रात्रीतून बॅटरी जाते, स्टेपनी जाते, टाकीतलं डिझेल जातं, हे सगळा हायवे जाणतो. जीवनच्या आवारातून आजवर नटसुद्धा हललेला नव्हता. मालक येईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. हे त्यानं कुठं लिहून ठेवलं नव्हतं. तो तसा होता, एवढंच.

"विचारून घेतलं तर?" ती म्हणाली. "सोनलचा नंबर आहे माझ्याकडे."

लखन धुळ्याला दवाखान्यात होता. सोनल त्याची बायको, सातपुड्याच्या पायथ्याची, प्रज्ञाच्याच वयाची. अपघाताच्या सकाळी याच घरात तिनं चहा घेतला होता. घेतला म्हणजे कप धरून बसली होती.

जीवननं बॅग कॉटखाली सरकवली. मग म्हणाला, "विचार. ती हो म्हणाली तर काढतो. नाही म्हणाली तर विषय बंद."

प्रज्ञा घरामागं धुण्याच्या दगडापाशी गेली. नंबर लावला. रिंग गेली. तिला दवाखान्याचा व्हरांडा दिसायला लागला, भिंतीला टेकून बसलेली सोनल, मांडीवर झोपलेली मुलगी. आता ही उचलेल. उचलून आधी विचारेल, ताई, गाडी बरी आहे ना? नवरा तिथं पडलेला आणि आपण त्याच्या गाडीचा अवयव मागायचा, कुठल्या तोंडानं? प्रज्ञानं फोन कापला. थोड्या वेळानं धीर करून परत लावला, तर बंद.

ती घरात आली. जीवन उभाच होता.

"काय म्हणाली?"

"हो म्हणाली," प्रज्ञा म्हणाली आणि पोळी लाटायला बसली.

सकाळी रतिलाल धुळ्याहून मोटारसायकलवर आला. हा जीवनचा जुना मिस्तरी, तोंडात सदा शेंगदाणे आणि बोलण्यात सदा टोमणे. त्यानं लखनच्या चेपलेल्या ट्रकचं नाक उघडलं, आत डोकं घातलं आणि अर्ध्या तासात इंटरकूलर बाहेर काढला. उलटा केला तर आतून काळं ओशट तेल धारेनं गळायला लागलं.

"अरे बापरे! हाई बठ्ठं तेलच शे ना!" तो अहिराणीत ओरडला. "मझार भजा तळे का तो लखन?"

आत भजी तळणारा लखन डोळ्यासमोर येऊन जीवन हसला. कितीतरी दिवसांनी हसला. प्रज्ञानं नजर दुसरीकडे वळवली.

"वहिनी, हा तुमच्याकडे," रतिलाल म्हणाला. "खरकटं भांडं समजा. पण जरासुद्धा तेल राहू देऊ नका. नाहीतर इंजिन तेच पीत सुटतं. मग चावी काढा, हात जोडा, बापाची शपथ घाला, थांबाव नही ते!"

तिनं तो धुण्याच्या दगडावर घेतला. आधी डिझेलनं खळबळला, मग सोडा घातलेलं गरम पाणी. पाणी काळं यायचं, पुन्हा ओतायची. जाळीच्या बारीक पत्र्यांत कापसाचा पुंजका अडकला होता, ज्वारीचं फोलपट, चिलटं, एका पिवळ्या फुलपाखराचा अख्खा पंख. ज्या ज्या रस्त्यानं लखन गेला तो रस्ता तिथं थोडा थोडा बसलेला. मितूच्या जुन्या ब्रशनं ती एकेक काढत होती आणि प्रत्येक वेळी घरातला फोन वाजल्यासारखा वाटून मान वर करत होती.

"आई, याला शँपू लाव," मितू शेजारी उकिडवी बसून म्हणाली.

"लावते हं."

"डोळ्यात जाईल त्याच्या."

"मग तू फुंकर घाल."

मितूनं खरंच जाळीवर गाल फुगवून फुंकर घातली. प्रज्ञाला तिला उचलून छातीशी धरावंसं वाटलं आणि हात बरबटलेले होते.

मग एका तोंडाला लाकडी बूच ठोकून, दुसऱ्याला हवेची नळी लावून इंटरकूलर पाण्याच्या टाकीत बुडवला. सगळे वाकून पाहत राहिले. बुडबुडा आला नाही. एकही नाही.

"बुडबुडे का नाही आले?" मितू हिरमुसली.

"नाही आले म्हणजे कुठं चिरलेला नाही, म्हणून तर तुझा बाप नाचतो बघ," रतिलाल म्हणाला.

क्रेनवर बसवताना मात्र अडायला लागलं. इंटरकूलर रुंद होता. जुन्या पट्ट्या कापल्या, अँगलच्या नव्या वेल्डिंग केल्या, हादरे बसू नयेत म्हणून खाली टायरचं रबर दिलं. तेवढ्यानं भागेना. क्रेनचे रबरी होज त्याच्या तोंडावर चढेनात.

"होजबी तिकडचेच लागतील," रतिलाल म्हणाला. "अन् क्लिपा."

जीवननं हातातला पाना खाली ठेवला. "प्रज्ञा, सोनलताईंना फोन करून सांग. कूलर म्हणून मागितला होता, होज आणि क्लिपाही घेतोय. न सांगता नको."

"सांगते," ती म्हणाली. घरामागं गेली. धुण्याच्या दगडापाशी उभी राहिली. या वेळी तिनं फोन हातातही घेतला नाही. लिंबाच्या झाडावरचा मुंगळा बुंध्यावरून पार वर जाईपर्यंत थांबली आणि परत येऊन होकाराची मान हलवली.

दुपारी जीवननं क्रेन चालू केली. आधी खोकल्यासारखी खाकरली, मग सूर धरला. रतिलालनं प्रत्येक जोडावर तळहात फिरवून पाहिला, कुठूनही हवा फुसफुसत नव्हती. जीवननं रेस दिली. मागून धूर आला तो नुसता करडा, पातळ. मितूनं दोन्ही कानांवर हात ठेवून उड्या मारल्या. तेवढ्यात जीवनचा फोनही वाजला. लळिंगच्या घाटात भरलेला टेंपो अडकला होता, येता का? "येतो!" तो एवढ्या जोरात म्हणाला की पलीकडचा माणूस दचकला असेल.

सगळं मनासारखं झालं होतं आणि प्रज्ञाला एका जागी उभं राहवत नव्हतं.

जीवन साखळ्या चढवत होता तेव्हाच हायवेवर एसटी थांबली. एक बाई आणि एक मुलगी उतरली. मुलगी सहाएक वर्षांची, हातात रिकामी पाण्याची बाटली. पत्र्याच्या फाटकातून आत येईपर्यंत प्रज्ञानं ओळखलं नव्हतं असं नाही. तिनं ओळखायचं टाळलं होतं.

"ताई," सोनल धापा टाकत म्हणाली, "काल तुमचा फोन येऊन गेलेला दिसला. मग चार्जिंगच नव्हतं. जीवाला चैन पडेना. म्हटलं गाडीचं काही..."

पुढचं जीवनच बोलला. हात पुसत आला, चेहऱ्यावर ऊन पडल्यासारखा. "या ताई! लखनभाऊ कसे आहेत? तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही फोनवर हो म्हणालात म्हणून ही उभी राहिली बघा."

सोनलनं क्रेनकडे पाहिलं. मग आपल्या ट्रककडे, तिच्या उघड्या, रिकाम्या नाकाकडे. मग प्रज्ञाकडे. फार वेळ नाही, पण ती नजर प्रज्ञाच्या टाचेपर्यंत गेली.

"हो," सोनल म्हणाली. "मी म्हणाले होते."

जीवन क्रेनकडे वळला. प्रज्ञा सोनलला पाणी द्यायच्या निमित्तानं ओट्यावर घेऊन आली. तांब्या तिच्या हातात देऊन प्रज्ञानं हळूच विचारलं,

"खोटं का बोललात माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी नाही." सोनलनं पाणी प्यायलं, तोंड पुसलं. "त्या दिवशी जीवनभाऊनं केबिन कापून आमच्या माणसाला बाहेर काढलं. त्यांचं तोंड कशाला पाडू?" थोडं थांबून ती म्हणाली, "ताई, पाय काढला त्याचा. गुडघ्याखालून. आता रोज एकच विचारतो, गाडी कुठं आहे. मी सांगते, जीवनभाऊच्या आवारात आहे, तिथं नट हलत नाही. ते ऐकलं की झोपतो. आज जाऊन काय सांगू?"

क्रेननं हॉर्न दिला. निघण्याचा.

प्रज्ञा उठली. तिला कळलं नाही कशी, पण ती धावत फाटकापाशी पोचली होती आणि दोन्ही हातांनी क्रेनचा दरवाजा धरला होता.

"अहो, थांबा. बंद करा. बंद करा आधी!"

इंजिन थांबलं.

"मी विचारलंच नव्हतं तिला. तिनं उचलला नव्हता फोन. मीच कापला. हो मी म्हटलं, तिनं नाही."

जीवननं वरून तिच्याकडे पाहिलं. चिडला असता तर बरं झालं असतं. तो खाली उतरला, डबा उघडला, पाना काढला आणि क्रेनच्या समोर जाऊन बसला.

"भाऊ, काय करतो?" रतिलाल ओरडला. "घाटात माणसं उभी शेत ना!"

जीवननं पहिली क्लिप ढिली केली. तेव्हा सोनल पुढं आली आणि तिनं त्याच्या हातातल्या पान्यावर हात ठेवला.

"घाटातलं काढून या, भाऊ. मग बोलू. आमच्या वेळी तुम्ही थांबला असता तर?"

जीवननं मान वर केली नाही. क्लिप पुन्हा आवळली. उठला, चढला, चालू केली. जाताना मितूच्या डोक्यावर हात फिरवायला वाकला. प्रज्ञाकडे त्यानं पाहिलं नाही. करडा पातळ धूर सोडत क्रेन धुळ्याच्या दिशेनं गेली आणि तिचा तो भरदार आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला.

कॉटखाली बॅग तशीच भरलेली होती. रात्रीची गाडी रात्रीच होती. तो परत आल्यावर कूलर काढेल की ठेवेल, बॅग उचलेल की रिकामी करेल, प्रज्ञाला काही काही सांगता आलं नसतं. सोनल ट्रकच्या केबिनमध्ये चढून नवऱ्याची चादर शोधत होती. मितू आपल्या पाण्याच्या टाकीत बुडबुडे काढून दाखवायला सोनलच्या मुलीला, रूपाला, ओढत होती, पण रूपा हलत नव्हती. ती आपल्या ट्रकच्या उघड्या नाकासमोर उभी होती. आतल्या मोकळ्या जागेत हात घालून तिनं कोपरापर्यंत फिरवून पाहिला. मग प्रज्ञाकडे वळली.

"मावशी, आमच्या गाडीचा काढून तुमच्या गाडीला लावला ना?"

"हो बाळा."

"मग आता तुमच्या गाडीचा आमच्या गाडीला कधी लावणार?"