अन्य योग्य मार्ग

पेरू शेवटी सीमेपलीकडे गेले. सरकारी दप्तरानुसार मात्र ते गेलेले नाहीत, आणि दप्तराला खोटं पाडणारे आपण कोण? तेव्हा ते गेलेच नाहीत असं धरून पुढे जाऊ.

सीमाशुल्क अधिकाऱ्याने बॅगेची चेन ओढली. तशी गरज नव्हती. बॅग पट्ट्यावरून उतरण्याआधीच वास उतरून रांगेत उभा राहिला होता. आत एका जुन्या पुरुषी स्वेटरमध्ये गुंडाळलेले पिवळे पेरू निघाले.

“हे काय आहे?”

मुलीला भेटायला आलेल्या बॅगवाल्या आईला शेजारणीने दोन दिवस पढवलं होतं. कुणी विचारलंच, तर शोभेची फळं म्हणायचं, मेणाची. आईने मान ताठ केली, घसा साफ केला.

“पेरू,” ती म्हणाली.

या अधिकाऱ्याला सहकारी ‘कुलूप’ म्हणत. मागे एकदा त्याने सख्ख्या सासूच्या कुंडीतली माती याच टेबलावर काढून घेतली होती. रोप, मुळं धुऊन, मोठ्या आदराने परत दिलं होतं. तेव्हापासून तो घरी बाहेरच्या खोलीत झोपे, पण ताठ झोपे.

ताजी फळं आत नेता येत नाहीत, त्यांतून कीड येते, असं त्याने समजावलं. आईने हुज्जत घातली नाही. काचेच्या दारापलीकडे मुलगी उभी आहे, तिला नुसता वास देता येईल का, एवढंच विचारलं. झाड तिच्या वडिलांनी लावलेलं. ते गेले तेव्हा मुलीचे कागद इथे अडकले होते. देश सोडला असता तर परत येता आलं नसतं. तिने वडिलांना फोनच्या पडद्यावर निरोप दिला. मग परवाच्या वाऱ्यात झाडही पडलं. हे शेवटचे.

मागच्या ट्रॉलीवाल्याला घाई होती.

“द्या ना टाकून, मावशी. बाजारात ढिगाने मिळतात.”

“तिच्या बापाने लावलेले मिळतात का बघून या. तोवर मी थांबते.”

कुलूपने नियमपुस्तिका काढली आणि उभ्याउभ्याच वाचली. कितीतरी वर्षांनी तो ती वाचत होता. एरवी पाठच होती. मग त्याने पेरू, आई आणि ट्रॉलीवाला असा सगळा ऐवज तपासणीच्या खोलीत नेला आणि मुलीला आत बोलावून घेतलं.

मुलगी आली. टेबलावरचा स्वेटर बघून दारातच थांबली.

“जप्त फळांचा नाश दोन साक्षीदारांसमोर, इथेच करायचा असतो,” कुलूप आईला म्हणाला. “एक साक्षीदार तुम्ही. दुसरे हे, यांना बरीच मतं आहेत. नाश जाळून, चेचून किंवा अन्य योग्य मार्गाने.” त्याने स्वतःच्या डब्यातली मिठाची पुडी मुलीसमोर ठेवली. “दात शाबूत आहेत ना?”

“आहेत.”

“मग करा सुरू.”

मुलीने पेरू उचलला, स्वेटरच्या बाहीला पुसला आणि चावला. घरी पहिला घास वडिलांचा असे. गोड आहे की नाही ते बघून सांगतो म्हणायचे, आणि गोड निघाला की बघता बघता अर्धा संपवायचे.

“गोड आहे,” ती म्हणाली, आणि अर्धा संपवून उरलेला आईला दिला.

आई हसली. मग तिने एक पेरू फोडून, मीठ लावून फोड कुलूपसमोर ठेवली. ट्रॉलीवाल्याच्याही वाट्याला एक आला. घाईचं तो विसरला. कुलूपने फोडीला हात लावला नाही. कामावर असताना काही घ्यायचं नसतं. तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभा राहिला, आणि ते घड्याळ बंद होतं.

“बियांचं काय?” ट्रॉलीवाल्याने विचारलं.

“पोट उघडून बघायचा अधिकार आम्हाला नाही.”

देठ मात्र त्याने वेचून घेतले, पिशवीत घालून सील केले आणि जाळायला पाठवले. मायलेकी स्वेटर घेऊन काचेच्या दारातून बाहेर पडल्या, तेव्हा तो वरिष्ठांना अहवाल लिहायला बसला होता.

‘माल संपूर्ण नष्ट करण्यात आला. खोलीत राहिलेला वास जप्त करण्याची तरतूद नियमांत आढळली नाही. तरी तो निसटून जाऊ नये यासाठी सदर खोलीच्या खिडक्या पुढील आदेशापर्यंत बंद ठेवण्यास मंजुरी मिळावी, ही नम्र विनंती.’