ओसरीवरची हाक

श्वासाच्या औषधाच्या पंपाचं निळं टोपण बेसिनखाली घरंगळत गेलं होतं, आणि ते उचलायला वाकावं की नाही याचा विचार विकितोरिया बराच वेळ करत उभी होती. वाकलं की छाती आवळली जाते, आतली हवा बाहेर निघायलाच तयार नसते, मग नवी यायची कुठून... आणि दहा वाजता पाहुणे दारात. पण टोपण इथेच राहिलं तर साफसफाईवाली ते काउंटरवर आणून सगळ्यांना विचारणार, कुणाचं हे? तिने बुटाच्या टोकाने ते ओढलं, भिंत धरून उचललं, आणि धाप खाली बसेपर्यंत नळ चालू ठेवला, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून.

या कॉलेजात तिला पगार होता तो दोन कामांचा. काउंटरवर बसायचं, आणि नवे शिक्षक रुजू झाले की सभाघराच्या ओसरीवरून त्यांना लांब सुरात हाक घालायची—जिवंतांना, आणि त्यांच्याबरोबर चालत आलेल्या त्यांच्या मेलेल्यांनाही. काउंटर कुणीही सांभाळेल. हाक मात्र मध्ये तुटता कामा नये. तुटली तर अपशकुन, हे तिच्या माओरी घरात लहान मूलही सांगेल. डॉक्टरने नळीत फुंकायला लावून विचारलं होतं, काम कसलं करता? बसून, ती म्हणाली होती. फुप्फुसं आता सुधारायची नाहीत, असं तो किती सहज बोलून गेला... आणि तिला तेव्हा एवढंच सुचलं की हे ब्रेंडनला कळता कामा नये.

ब्रेंडन तिचा साहेब. भला माणूस, आणि त्या भलेपणाचीच तिला धास्ती होती. तो रागावला नसता, केक आणून निरोप दिला असता. मग घरात एकटीने दिवसभर आपल्याच छातीतली शिट्टी ऐकत बसायचं.

सभाघराकडचा चढ अर्धा झाला तेव्हा ती फोन बघितल्यासारखं करून थांबली. मागून अवाटेआ आली—भावाची मुलगी, लायब्ररीत कामाला, तिच्याकडेच हाक शिकणारी.

"कुणाचा मेसेज, आत्या? नवा नवरा बिवरा केलास की काय?"

"एक होता... तेवढा पुरे झाला."

"हळू चल बाई. माझा बूट चावतोय."

अवाटेआच्या पायात जुने, मऊ पडलेले कॅनव्हासचे बूट होते. विकितोरियाने ते पाहिले आणि न पाहिल्यासारखं केलं.

दोघी ओसरीवर उभ्या राहिल्या तोवर पाहुणे फाटकाशी आले. या, दुरून आलेल्यांनो, या—सूर नेहमीचाच लागला, उंच, आणि तिथेच तिची चूक झाली. अभिमानापायी तिला खालचा सूर धरवेना. मेलेल्यांना बोलावणारी ओळ यायची होती, आणि छाती रिकामी. ते फाटकाबाहेर उभे, आणि मी—

हाक तुटली नाही. शेजारून अवाटेआने ती त्याच सुरात उचलली होती, सांधाही न दिसता. पाहुणे चालत राहिले. कुणाला काही कळलं नाही.

इतकं अलगद उचलायला काय लागतं ते विकितोरियाला ठाऊक होतं. सव्विसाव्या वर्षी तिने स्वतःच्या माकेरे आत्याची हाक अशीच उचलली होती आणि दिवसभर मिरवली होती. माकेरे गुपचूप जेवली, आणि पुन्हा कधी ओसरीवर उभी राहिली नाही. थांब असं तिला कुणीच म्हटलं नव्हतं. मी तिचा श्वास नीट ऐकत होते, एवढंच... म्हणजे ही पोरगी माझा ऐकतेय. कधीपासून?

चहाला ब्रेंडन जवळ आला. "आज दोघींची हाक! फार छान वाटलं. दर वेळी अशीच ठेवायची का?"

अवाटेआ कपात बघत म्हणाली, "आत्या म्हणेल तसं."

हो म्हटलं तर का म्हणून तो विचारणार, आज ना उद्या. नाही म्हटलं तर पुढच्या वेळी कुणाचे तरी मेलेले आईबाप फाटकाबाहेरच ताटकळणार. माकेरेला हे कुणी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती? ब्रेंडन हसत थांबला होता. विकितोरिया घाबरलेलीच होती, सकाळइतकीच, फक्त आता छातीत उत्तरापुरता श्वास होता आणि श्वास पुरत नाही ही सबब तिला देता येत नव्हती.