हौसेरावांची दुसरी सही

तुमच्यापैकी एखाद्याचा जन्म जिच्यात लिहिला गेला, ती जन्मनोंदवही कदाचित मीच असेन, मित्रांनो. नवी मुंबईतल्या एका सरकारी कचेरीत माझा मुक्काम आहे. कुठल्या, ते सांगणार नाही. मला अजून तिथेच दिवस काढायचे आहेत.

बाइंडरने मला शिवलं तेव्हा माझं वजन साडेचार किलो होतं. शाई पिऊन पिऊन ते सहावर गेलं. खोटं वाटत असेल तर काटा घेऊन या. उमेदीच्या वर्षांत माझा थाट असा, की लोक पेढे आधी माझ्यापुढे ठेवत आणि मग देवापुढे. एके दिवशी तर माझ्यात सात जुळी लिहिली गेली, आणि लिहिणाऱ्या कारकुनाला संध्याकाळपर्यंत सगळं जग दोन-दोन दिसत होतं.

पुढे संगणक आला. माझ्यातली निम्मी नावं त्याने उतरवून घेतली, निम्मी राहून गेली. मग एका सकाळी लोखंडी कपाट डुगडुगतंय म्हणून कुणीतरी मला त्याच्या पायाखाली सारलं. अकरा वर्षं मी तिथे होते. तिथून माणसं दिसत नाहीत, नुसते पाय दिसतात. पण पायांवरून माणूस ओळखण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

त्या मंगळवारी दुपारी साडेतीनला चार पाय आत आले. पांढरे, घासून धुतलेले कॅनव्हासचे बूट अभिरामचे. जुईनगरचा हा चोवीस वर्षांचा तरुण, नर्सिंग शिकलेला. जन्मला तेव्हा सगळ्यांनी त्याला मुलगी म्हटलं, आणि माझ्यातही तसंच लिहिलं गेलं. आपण मुलगा आहोत हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. घरच्यांना कळायला बावीस वर्षं लागली. त्याचं तेव्हाचं नाव मला पाठ आहे, पण ते तुम्हाला सांगणारी वही मी नव्हे.

दुसरे पाय भेगाळलेल्या टाचांचे, जुन्या चपलांमधले. ते त्याचे वडील हौसेराव. साताऱ्याकडून येऊन तीस वर्षं वाशीच्या बाजारात गोण्या वाहिलेले माथाडी. बायकोने, उज्वलाने, लकडा लावला म्हणून आलेले. दारातल्या बाकावर बसले ते बसलेच. अभिरामचं कळल्यापासून, गेली दोन वर्षं, बापलेकांचं बोलणं चहा आणि जेवण यांच्यापुढे सरकलं नव्हतं.

अभिरामची नड मोठी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला इस्पितळात त्याच्या कागदपत्रांची तपासणी होती. पदवीवर अभिराम, आधारवर अभिराम, फक्त जन्माच्या दाखल्यावर जुनं नाव. दाखला जुळला नाही तर नोकरी यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार, असं त्याला स्वच्छ सांगितलं होतं.

"तू पुरुष असल्याचं कलेक्टर ऑफिसचं सर्टिफिकेट बरोबर आहे रे," टेबलामागच्या वैजयंती मॅडम म्हणाल्या, "पण मूळ नोंद मिळाल्याशिवाय मी दुरुस्ती कशावर करू? खंड सत्तावीस इथे नाहीच आहे."

"मॅडम, मी तिसऱ्यांदा येतोय."

"मी पण तिसऱ्यांदा शोधतेय."

खंड सत्तावीस म्हणजे मी. त्याच्या बुटांपासून दहा पावलांवर. मी जीव तोडून ओरडले, पण वहीचं ओरडणं म्हणजे पानांची कुरकुर. ती पंख्याच्या घरघरीत बुडाली. साडेचार वाजले. बूट जागचे हलेनात, फक्त एक टाच फरशीवर आपटू लागली. कचेरी साडेपाचला बंद होणार होती.

तेवढ्यात लादी पुसणाऱ्या चांगुणाबाईंचं फडकं माझ्यापाशी आलं आणि थांबलं.

"मॅडम, कपाटाचे पायाखाली येक वही हाय. रोज तिचे भवताली मीच पानी पुसतंय. ती तं नाय ना?"

मॅडम गुडघ्यांवर बसल्या, वाकून त्यांनी माझ्या पाठीवरचा आकडा वाचला, आणि कपाळाला हात लावला. आता फायलींनी ठासलेलं कपाट उचलणार कोण? शिपायाने दुखऱ्या कमरेचं कारण सांगितलं. उद्या दोन माणसं बोलावू म्हणाला. उद्या अभिरामला चालणार नव्हतं.

बाकावरचे पाय उठले. हौसेरावांनी चपला काढल्या, खांद्यावर पंचाची घडी ठेवली आणि कपाटाचा कोपरा खांद्यावर घेतला. टाचांच्या भेगा ताणल्या गेल्या. कपाट चार बोटं वर आलं. अभिरामने दोन्ही हात आत घातले, आणि त्या क्षणी वरची एक फाइल निसटून धाडकन पडली. हौसेराव डगमगले असते तर त्याची बोटं आत चिरडली असती. ते डगमगले नाहीत. मी बाहेर आले.

दमटपणाने माझी पानं चिकटली होती. ओल्या जखमेवरची पट्टी सोडवावी तशी अभिरामने एकेक सुटी केली. त्याचं पान निघालं. 'माहिती देणाऱ्याची सही' या रकान्यात हौसेरावांची सही होती, अक्षरं ओळीने रचलेल्या गोण्यांसारखी.

अजून एक अडचण उरली होती. मूळ नोंद खोडता येत नाही. शेजारी समासात नवी लिहायची, आणि हकीगत जाणणाऱ्या दोघांनी सह्या द्यायच्या. उज्वलाने आपली सही घरूनच दिली होती. दुसरी देतो म्हणालेल्या शेजारच्या विलासकाकांचा फोन दुपारपासून बंद होता.

"काका, तुम्ही वडील ना?" मॅडमनी विचारलं. "तुम्ही करता सही?"

आता मी टेबलावर होते, मला चेहरे दिसत होते. हौसेराव आपल्याच जुन्या सहीकडे बघत राहिले. पाच वाजून दहा मिनिटं झाली.

"राहू दे, मॅडम," अभिराम म्हणाला. "बाबांना जबरदस्ती नको." त्याने फाइल बंद केली आणि तो दाराकडे वळला.

"थांब," हौसेराव म्हणाले. मग मॅडमकडे वळून सावकाश बोलले, "आमच्या टोळीत एक रीत हाय. गोणी चुकीच्या गाळ्यावर टाकली, तर ज्यानं टाकली त्यानंच ती उचलायची. दुसऱ्यानं हात लावायचा न्हाई. ही नोंद मीच सांगितली हुती. लिवा तुमी काय लिवायचं ते, आन् मला वाचून दाखवा."

मॅडमनी समासात लिहिलं आणि वाचलं, "अभिराम हौसेराव जगदाळे. लिंग, पुरुष."

"व्हय," हौसेराव म्हणाले. "ह्योच माझा थोरला."

त्यांनी सही केली. पेन इतकं दाबलं, की मागची तीन पानं कण्हली. पाच पंचवीसला नवा दाखला छापून निघाला. अभिरामने हात पुढे केला, पण दाखला आधी हौसेरावांनीच घेतला. घडी न घालता, दोन्ही तळहातांवर आडवा धरून जिना उतरले. मागून अभिराम त्यांच्या चपला घेऊन धावला. ते अनवाणीच निघाले होते.

तेव्हा मित्रांनो, या म्हातारीचं एवढं ऐका. आपल्या हातून कुणाबद्दल चुकीचं लिहिलं गेलं असेल, तर ते पान फाडू नका आणि वहीही दडवू नका. शेजारी जागा सोडलेली असते. खरं काय ते त्या माणसाला विचारा, तिथे लिहा, आणि खाली स्वतःच्या नावाने सही करा.